झोप मोडू नये म्हणून

नोएडा, १८ फेब्रुवारी २०२४

माधवीताईंना विनयाचा नमस्कार.

अक्षरावरून ओळखू येणार नाही म्हणून नाव आधीच लिहिलं. बोटं अजून सुजलेली आहेत. चार ओळी लिहिल्या की पेन खाली ठेवावं लागतं, त्यामुळे हे पत्र दोन-तीन दिवसांत मिळून पुरं होईल. फोन केला असता, पण आईंच्या जाण्यानंतर तुम्ही माझा फोन उचलत नाही. उचललात तरी माझी जीभ जड झाली आहे, शब्द वेळेवर सापडत नाहीत. कागदावर थांबता येतं.

जानेवारीत मी सतरा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. श्रीपादने कळवलं असेल, पण तुमचा भाऊ थोडक्यात सांगतो, म्हणून मी सांगते. त्या थंडीत मी दोन रजया घेऊनही गार पडत चालले होते. बारा तारखेला सकाळी श्रीपादने मला हलवलं तर मी जागीच होईना. रक्त तपासल्यावर कळलं की माझी थायरॉईडची ग्रंथी जवळजवळ बंद पडली आहे. जो आकडा पाचच्या आत हवा तो एकशे बेचाळीस होता. हृदयाभोवती पाणी साचलं होतं. डॉक्टर मॅडमनी श्रीपादला विचारलं, "इतने साल घर में किसी ने देखा नहीं?" त्या म्हणाल्या, हे निदान चार-पाच वर्षांचं दुखणं आहे.

म्हणजे शाळेच्या ग्रंथालयातली नोकरी मी सोडली तेव्हाही ते होतंच. पुस्तकांचे नंबर चुकायला लागले होते, मुलं हसायची. मला वाटलं, आपलं लक्ष नाही.

ताई, तुम्हाला दया यावी म्हणून हे लिहीत नाही. आई बाथरूममध्ये पडल्या, त्यानंतर तुम्ही सांगलीहून आलात आणि आमच्या हॉलमध्ये उभ्या राहून म्हणालात, "तुझ्यासारखी आळशी बाई मी पाहिली नाही." मी उत्तर दिलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं. आता कळलं आहे की ते तसं नव्हतं. तुम्हालाही कळावं एवढंच.

विनया


सांगली, ४ मार्च २०२४

चि. विनया,

तुझं पत्र पोचलं. आजाराचं श्रीपादने सांगितलं होतं. औषध वेळेवर घे आणि लवकर बरी हो.

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. गोल गोल बोलायची मला सवय नाही. इथे आमच्या शेजारच्या पाटीलबाईंना पंधरा वर्षं थायरॉईड आहे. सकाळी गोळी घेतात, डबा करतात, स्कूटरवरून नोकरीला जातात. म्हणून सगळं आजारावर टाकलेलं मला पटत नाही.

आई एकोणऐंशी वर्षांची होती. खुब्याचं हाड मोडलेल्या अवस्थेत ती चाळीस मिनिटं गार फरशीवर पडून होती. तू पलीकडच्या खोलीत होतीस. तिने किती हाका मारल्या असतील. ऑपरेशननंतर मी तिला इकडे आणलं, पण ती पुन्हा नीट चाललीच नाही आणि सहा महिन्यांत छातीत कफ होऊन गेली. ही माझी आई होती. मला विसरता येत नाही.

तुझ्या प्रकृतीला आराम पडो.

माधवी


नोएडा, ७ एप्रिल २०२४

माधवीताईंना नमस्कार.

तुम्ही लिहिलंत ते बरोबर आहे. त्या चाळीस मिनिटांत मला एकही हाक ऐकू आली नाही. खूप आठवून पाहिलं. दुपारचं जेवण झालं, त्या टीव्ही बघत होत्या, मी आडवी झाले, आणि मग एकदम त्या फरशीवर दिसल्या. मधलं काही नाही. त्या दोन वर्षांतलं पुष्कळसं असंच पुसलेलं आहे. डॉक्टर मॅडम म्हणतात, परत येईल किंवा येणार नाही.

पाटीलबाईंसारखं मलाही वाटलं होतं. गोळी सुरू झाली, आता पंधरा दिवसांत उठून उभी राहीन. पण हृदयामुळे मला अगदी लहान गोळीपासून सुरुवात करायला लावली आहे. सहा आठवडे ती घ्यायची, मग रक्त द्यायचं, मग किंचित वाढवायची, पुन्हा सहा आठवडे. सकाळी उपाशीपोटी गोळी, त्यानंतर तासभर चहाही नाही. तो एक तास मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून काढते. औषध सुरू झाल्यापासून केस जास्तच गळायला लागले. तेही म्हणे व्हायचंच. आमचा मजला दुसरा आहे. पहिल्या महिन्यात मी जिन्यात चारदा बसत होते, आता दोनदा बसते. सांगण्यासारखी प्रगती एवढीच आहे.

रुचिरा दर रविवारी येते. कॉलेज जवळ पडतं म्हणून तिने दिल्लीत मुनिरकात खोली घेतली असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं, तुम्हालाही. खरं म्हणजे घरात सारखी झोपलेली आई तिला बघवत नव्हती. मैत्रिणींना घरी आणायची तिला लाज वाटायची. परवा आली तेव्हा तिने विचारलं, "अजून ठीक नाही झालीस?" रागाने नाही विचारलं.

एक विचारायचं आहे. आई तुमच्याकडे सहा महिने होत्या. त्यांनी कधी माझी आठवण काढली का? सासू म्हणून त्यांनी मला टोचून बोललेलं मला आठवत नाही. जाताना त्या व्हीलचेअरवरून वळून बघत होत्या आणि मी दारात उभी होते. खाली उतरून गाडीपर्यंत सोडायला जायला हवं होतं. मला तेवढे जिने झेपले नसते. पण हे त्यांना कसं कळणार?

विनया


सांगली, २६ जून २०२४

चि. विनया,

उत्तराला उशीर झाला. एप्रिलमध्ये पाहुणे होते, मग उन्हाळ्यात मला लिहायला बसवेना.

मी आमच्या डॉक्टरांना तुझे आकडे सांगितले. ते खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, ह्या बाई जिवंत आहेत हे नशीब. पाटीलबाईंचा आकडा कधी नऊच्या वर गेला नव्हता. तुझी त्यांच्याशी तुलना करायला नको होती.

दहाव्याला तुला आणू नकोस असं मी श्रीपादला सांगितलं होतं, तेही चुकलं. घरची सून होतीस तू.

आईचं विचारलंस. ती शेवटी फारशी बोलत नव्हती. विशेष असं काही सांगण्यासारखं नाही.

श्रीपादबरोबर मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवते. तो ऑगस्टमध्ये वर्षश्राद्धाला येईलच. तुला एवढा प्रवास नको, तू येऊ नकोस. हे तुझ्या प्रकृतीसाठी म्हणते आहे, दुसरा अर्थ काढू नकोस.

माधवी


नोएडा, २१ जुलै २०२४

माधवीताईंना नमस्कार.

दुसरा अर्थ काढला नाही. दहाव्याचं लिहिलंत, ते मी दोनदा वाचलं. बरं वाटलं.

मे महिन्यात मी एक मूर्खपणा केला, तो श्रीपादलाही उशिरा सांगितला. इतक्या हळू चाललंय याचा वैताग येऊन आठवडाभर मी रोज दोन गोळ्या घेतल्या. मला वाटलं, दुप्पट घेतल्या तर निम्म्या वेळात बरी होईन. आठव्या दिवशी छाती अशी धडधडायला लागली की कामवाली सुनीता घाबरून शेजाऱ्यांना बोलवून आली. डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाल्या, "पाँच साल में बिगड़ा है, पाँच हफ्ते में नहीं बनेगा. जल्दी मत कीजिए." मग पुन्हा लहान गोळीवर आले, पुन्हा सहा आठवडे. माझ्याच घाईने माझे दोन महिने गेले.

पण जूनअखेर एक झालं. रुचिराचा फोन आला. मी हॅलो म्हटलं आणि ती म्हणाली, "आई, तुझा आवाज वापस आला." मला स्वतःला कळलं नव्हतं. त्या रविवारी ती राहायला थांबली, खूप दिवसांनी. आम्ही दोघी सरोजिनी नगरच्या बाजारात गेलो. मी तीन दुकानांनंतर एका ओट्यावर बसले आणि ती कुरकुर न करता माझ्याशेजारी बसून राहिली.

आवाजाबरोबर आठवणीही यायला लागल्या आहेत. आधी फुटकळ आल्या. कपाटाची किल्ली कुठे ठेवली होती, एका मुलाचं नाव, आईंनी केलेली एक आमटी. डोकं स्वच्छ झालं की आनंद होईल असं वाटलं होतं. तसं सगळंच नाही. काही गोष्टी पुसलेल्या होत्या तेच बरं होतं, असं कधीकधी वाटतं. अजून नीट जुळत नाही, जुळलं की सांगेन.

विनया


सांगली, १६ ऑगस्ट २०२४

चि. विनया,

मंगळवारी आईचं वर्षश्राद्ध झालं. श्रीपाद काल निघाला. जाताना म्हणाला, "ताई, विनया आता सकाळी गुणगुणते." एवढंच बोलून तो पायात चपला घालत बसला. मी आत जाऊन बराच वेळ देवासमोर उभी राहिले. मला तुला खोटं लिहिल्याचं आठवत होतं.

आईने शेवटी विशेष काही सांगितलं नाही, असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही.

ती इकडे आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी तिचे केस विंचरत होते. माझ्या तोंडी तुझाच विषय होता, तुला माहीत आहे मी कशी बोलते. ती मधेच म्हणाली, "माधवी, ती आळशी नाही. तिला काहीतरी झालंय. तिचा आवाज घोगरा झाला, भुवया अर्ध्या झडल्या, एप्रिलात स्वेटर घालून बसते. तोंड सुजतं सकाळी. श्रीपादला सांग, तिला चांगल्या डॉक्टरला दाखव म्हणावं."

मी म्हटलं, तिची बाजू घेऊ नकोस, तिच्यामुळे तू अशी पडलीस.

तिने पुन्हा सांगितलं. होळीला सांगितलं, मग मे महिन्यात सांगितलं. एकदा म्हणाली, मला फोन लावून दे, मीच बोलते विनयाशी. मी म्हटलं, ती उचलत नाही. मी फोन लावलाच नव्हता. जूनमध्ये तुझा फोन आला होता तेव्हा मी तुला सांगितलं, आई झोपली आहे. ती झोपली नव्हती. समोर बसून माझ्याकडे बघत होती. कोणाचा फोन, असं विचारलं, तर मी म्हटलं, शाळेतून.

त्यानंतर तिने विषय काढला नाही.

आमच्या डॉक्टरांना मी परवा विचारलं, मार्चमध्ये कळलं असतं तर? ते म्हणाले, हृदयापर्यंत गेलं नसतं बहुधा. दहा महिने, विनया. रक्ताची एक तपासणी करायची होती. मला फक्त भावाला एक फोन करायचा होता आणि मी तो केला नाही, कारण तू आजारी निघालीस तर मला रागवायला कुणी उरलं नसतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं म्हणण्यात अर्थ नाही. थोडंफार कळत होतं.

माझ्या आईचा शेवटचा शब्द मी पोचवला नाही. आता पोचवते आहे. श्रीपादला सांगायचं की नाही ते तू ठरव. तू पुन्हा लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

माधवी


नोएडा, २९ सप्टेंबर २०२४

माधवीताई,

सहा आठवडे मी तुम्हाला लिहिलं नाही. मुद्दाम लिहिलं नाही. पहिले काही दिवस मला इतका राग होता की घासलेली भांडी मी पुन्हा पुन्हा घासत होते. सुनीताने विचारलं, "भाभीजी, फिर से दवाई ज्यादा तो नहीं खा ली?" दहा महिने हा शब्द मी चालताना, पोळ्या लाटताना मनात म्हणत होते. त्या दहा महिन्यांत रुचिराने घर सोडलं. त्या दहा महिन्यांत आई गेल्या.

पण मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की काहीतरी जुळत नाहीये. ते आता जुळलं. तुमचं पत्र आलं नसतं तर कदाचित जुळलं नसतं. भुवयांचं वाचलं आणि आठवलं.

आईंनी मलाही सांगितलं होतं. त्या पडल्या त्याच्या चार महिने आधी, नवरात्रात. मी गॅसपाशी उभी होते. त्या मागून आल्या, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाल्या, "विनया, तुझ्या भुवया कुठे गेल्या गं? तू डॉक्टरकडे जाऊन ये. मी येते बरोबर." मी त्यांचा हात झटकला. म्हणाले, "आई, दिवसभर माझ्याकडे बघत बसू नका. मला दुपारची जरा झोपू द्या, सारख्या हाका मारू नका, तेवढं पुरे आहे मला." मी हे बोलले, ताई. अगदी याच शब्दांत. त्या बाहेर जाऊन बसल्या. त्या दिवसापासून दुपारी घरात टीव्हीचा आवाजही त्या बारीक ठेवायच्या.

आणि ज्या दिवशी त्या पडल्या, मी त्यांना उचलायला वाकले तेव्हा त्यांचे ओठ निळसर झाले होते. मी विचारलं, आई, हाक का नाही मारलीत? त्या म्हणाल्या, "तू निजली होतीस. झोप मोडू नये म्हणून."

तुम्ही लिहिलं होतं, किती हाका मारल्या असतील. त्यांनी एकही मारली नव्हती.

हे मला दोन वर्षं आठवत नव्हतं. गोळीने ते परत आणलं. आठ दिवस मी कुणाला सांगितलं नाही. मग तुमचं पत्र श्रीपादसमोर ठेवलं आणि माझं हेही सांगितलं. त्याने पत्र वाचलं, घडी घालून मला परत दिलं. मग म्हणाला, "मलाही म्हणाली होती आई. गणपतीत. म्हणाली, बायकोकडे बघ जरा. मला वाटलं, तिला तुझी तक्रार करायची आहे. मी म्हटलं, मी बोलतो तिच्याशी." तो माझ्याशी बोलला नव्हता.

म्हणजे त्यांनी तिघांनाही सांगितलं होतं. चौथी शिकलेल्या बाई. आपण तिघं एवढी शिकलेली.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण मला अजून तसं वाटत नाही. वाटलं नसताना लिहिलं तर तुम्हाला ते कळेल. पण तुमच्यावर एकटीवर राग धरायचा हक्कही मला आता उरलेला नाही. त्यांच्याबद्दल बोलायला ह्या जगात आपण तिघंच आहोत, आणि पत्रात हे फार सावकाश होतं.

तुम्ही या. दिवाळीनंतर इथली हवा वाईट असते, म्हणून त्याआधी, कोजागिरीच्या सुमारास. मिरजेहून गोवा एक्सप्रेस धरली की थेट निजामुद्दीनला उतराल. रुचिराला चार दिवस घरी बोलावते. आजीने काय काय सांगितलं होतं ते तिलाही कळू दे, तिची आई कशामुळे झोपत होती तेही कळू दे.

डॉक्टर मॅडमनी परवा आकडा पाहिला. अकरा. अजून दोनदा तरी गोळी वाढवायची आहे, मार्चपर्यंत जाईल म्हणाल्या. मी जिन्यात आता बसत नाही, फक्त मधे एकदा कठडा धरून उभी राहते.

स्टेशनवर श्रीपाद येणार म्हणतो, पण मीच येईन. तुम्ही उतरलात की पुलाकडे निघू नका. सामान घेऊन डब्यापाशीच थांबा. मला पूल चढून यायला वेळ लागेल.

विनया